सोनं खरं, नाणं खोटं

बाबांना गिनीचा आवाज ऐकू येईनासा झाला आणि आमच्या घरात माझं महत्त्व एकदम वाढलं. तोवर मी कॉलेजात जाणारी, भांडी घासताना रेडिओ मोठा लावते म्हणून आईची बोलणी खाणारी, दोन भावांच्या मधली मुलगी होते. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, तो मापात बसतो का बघायचं, बसला तर इकडे ठेवायचा, नाही तर तिकडे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर हातोडे पडायचे. तो दणका वर्षानुवर्षं ऐकून त्यांच्या कानांतून आधी बारीक आवाज गेले. माणसांचं बोलणं त्यांना नीट कळायचं, कारखान्याचा भोंगाही कळायचा. पण अंगणातल्या चिमण्या, आईच्या बांगड्या, आणि गिनी वाजवल्यावर शेवटी हवेत रेंगाळणारी ती लांबट किणकिण, हे सगळं त्यांच्यापुरतं बंद झालं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली, बोटाच्या टोकावर एक गिनी तोलून धरली, दुसरीनं तिला हलकेच टोला दिला आणि म्हणाले, "ऐकू यायचं थांबलं की सांग." मी म्हणाले, "अजून येतंय." थोड्या वेळानं मी पुन्हा म्हणाले, "अजून येतंय." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान हलवून त्यांनी ती गिनी उजवीकडच्या वाटीत ठेवली.

गिन्या आमच्या घरात कशा आल्या ते सांगायला हवं, कारण आमच्याकडे सोनं म्हणजे आईच्या गळ्यातले चार मणी, एवढंच होतं. बाबांना काटे दुरुस्त करायचा नाद होता. सोनाराचे नाजूक, काचेच्या पेटीतले काटे. उल्हासनगरच्या सोनारगल्लीत त्यांना त्यामुळे ओळखत. तिथेच चेलारामदादा होते. जुन्या नाण्यांचा व्यापार करणारे, सत्तरीला आलेले, पांढऱ्या लेंग्यातले सिंधी गृहस्थ. त्यांचं दुकान म्हणजे दोन कापडवाल्यांच्या मधली एक चिंचोळी फट होती. बाबा तिथे काटा लावून द्यायला गेले असताना समोर एक गिनी पडलेली होती. बाबांच्या खिशात कायम मायक्रोमीटर. सहज म्हणून त्यांनी तिची जाडी मोजली, मग शेजारच्या दुसऱ्या गिनीची मोजली, आणि म्हणाले, "दादा, ही जरा जाड आहे. सोन्यात काहीतरी भेसळ असणार." चेलारामदादांनी त्या गिनीसाठी आदल्याच दिवशी भरपूर पैसे मोजले होते. ती गिनी त्यांनी उचलून वेगळी ठेवली. मग त्यांनी पोराला पापड भाजून आणायला सांगितलं आणि बाबांना म्हणाले, "साईं, आप संडे को क्या करते हो?"

तेव्हापासून आमचे रविवार बदलले. सोन्यावरचे जुने कडक नियम नुकतेच सैल झाले होते आणि लोक घरातली ठेवलेली नाणी बाहेर काढू लागले होते. कुणाकडे पुतळ्या, कुणाकडे मोहोर, बहुतेकांकडे गिन्या, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातली सोन्याची नाणी. आठ ग्रॅमला जराशी कमी भरणारी, एका बाजूला राजा नाहीतर राणी, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा वीर. चेलारामदादा अशा माणसांना चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवत. नुसत्या सोन्याच्या भावानं घ्यायची असती तर सोनारानं कसोटीवर घासून घेतली असती. पण मुंबईहून दादांकडे येणारे शौकीन घासलेलं नाणं हातात धरत नसत. त्यांना हवं असायचं टांकसाळीतून पडलेलं, न दुखावलेलं नाणं. त्यातही मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली राजाची गिनी असली, घोड्याखालच्या जमिनीवर इवलंसं इंग्रजी अक्षर असलेली, तर सोन्यापेक्षा कितीतरी जास्त मिळत. म्हणूनच ते अक्षर नंतर कोरून घालणारेही होते. त्यांची कारागिरी भिंगाखाली बघताना बाबा कधीकधी खूश होऊन "वा" म्हणत.

सकाळी त्रिशरण-पंचशीलाची वंदना झाली की आई ओट्यावरची मोठी परात पुसून बाबांना द्यायची. तिच्यावर जुनं पांढरं धोतर, धोतरावर काटा, भिंग, मायक्रोमीटर आणि दोन वाट्या. उजवी खऱ्यांची, डावी उरलेल्यांची. डावीला बाबा कधी नाव देत नसत. आतल्या खोलीत आईचा स्टोव्ह भणभणायचा, सुक्या बोंबलाचा वास दोन्ही खोल्यांत भरायचा, आणि बाहेर आलेली अनोळखी माणसं लोखंडी खाटेवर अंग चोरून बसलेली असायची. आई कुणालाही चहाशिवाय जाऊ द्यायची नाही. सुरुवातीला काही जण कपाला हात लावायला कचरत. आमच्या भिंतीवरचे फोटो बघून त्यांना आमची जात कळलेली असे. आई काही बोलायची नाही, कप तिथेच ठेवायची. माणसाची गिनी खरी निघाली की तो थंड झालेला चहा एका घोटात संपायचा. ते बघून माझा धाकटा भाऊ आत जाऊन हसायचा. चेलारामदादा मात्र आले की थेट आत डोकावून विचारायचे, "भाभी, आज मछली है क्या?" आणि येताना उल्हासनगरहून डाळ-पकवान आणायचे. त्या पकवानाचा कुरकुर आवाजही बाबांना येत नव्हता, हे मला फार नंतर सुचलं.

मी लवकर शिकले. खऱ्या नाण्यावर ठसा पडतो, त्याची अक्षरं काठाशी धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी मऊ, आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं. ठशाचं नाणं गातं, ओतलेलं बहुधा थबकतं. दोन वर्षांत मी भिंग लावायच्या आधी आवाजावरून सांगू लागले. चेलारामदादा सोनारगल्लीत सांगत फिरायचे की अंबरनाथच्या मास्तरांच्या मुलीच्या कानात काटा बसवलाय. बाबा मास्तर नव्हते, पण ते नाव पडलं. मला ते सगळं फार आवडत होतं. आज विचार केला तर कळतं, वीस वर्षांच्या मुलीला कुणी तिच्या एका शब्दासाठी श्वास धरून बसावं, यासारखी दुसरी नशा नाही.

अशाच एका रविवारी बदलापूरजवळच्या बेलवलीहून तिघं आले. ठकूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई, त्यांचा मुलगा बाळाराम आणि सून यमुना. शेती करणारं घर होतं. पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायचा म्हणून ठकूबाईंची आठ गिन्यांची माळ विकायला काढली होती. जुनी पद्धत होती, प्रत्येक गिनी सोन्याच्या कड्यात बसवलेली, कड्याला चार दात, दात उचकटले की नाणं मोकळं. चेलारामदादांनी चिठ्ठी दिली होती. बाबा गिरणीत दळण आणायला गेले होते. थांबायला सांगायचं सोडून मी परात पुढे ओढली आणि दात उचकटून आठही नाणी मोकळी केली.

सात गिन्या गायल्या. प्रत्येक वाजली की यमुना, माझ्याच वयाची असेल ती, किंचित हसायची. तिला तो आवाज आवडत होता. आठवी मी बोटावर तोलली, टोला दिला, आणि ती थबकली. पुन्हा दिला. पुन्हा तेच. भिंगाखाली राणीचं नाक मऊ, अक्षरं मऊ, मानेजवळ दोन बारीक भोकं. मला खात्री पटायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी गिनी डाव्या वाटीत टाकली आणि म्हणाले, "ही खोटी आहे."

ठकूबाई उठून उभ्या राहिल्या. "खोटी?"

"हो. खोटी."

त्या सुनेकडे वळल्या. "माळ हिच्या पेटीत व्हती. लगीन झाल्यापास्नं हिच्याच पेटीत."

यमुना म्हणाली, "आत्या, मी कड्याला हातबी लावला नाय." बाळाराम खाली बघत होता. ठकूबाईंनी आठही गिन्या रुमालात बांधल्या आणि तिघंही चहा न पिता निघून गेली. मी खिडकीतून बघितलं, यमुना त्यांच्या मागे दहा पावलांवर चालत होती.

बाबा पिठाचा डबा घेऊन आले तेव्हा मी ऐटीत सगळं सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला. "वजन किती भरलं?"

"केलं नाही. आवाजच..."

"पाण्यात तोलली?"

"नाही."

"मग खोटी कुठली म्हणालीस? नाणं खोटं की सोनं खोटं?"

 खरं सांगायचं तर हा प्रश्न मला पडलाच नव्हता. परातीपुढे बसलं की खोटं म्हणजे टांकसाळीतलं नसलेलं, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात असायचा. गावच्या सोनारानं शुद्ध सोन्यातून ओतलेली गिनीही आमच्या लेखी खोटीच. पण बेलवलीच्या बाईला खोटी म्हणजे पितळ. कुणीतरी खरी काढून तिथे पितळ बसवलं, एवढाच त्याचा अर्थ. बाबा त्यावर रागावले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, "तीस वर्षं मी माल बाजूला काढला, पण का काढला ते कागदावर लिहिल्याशिवाय एकही नाही काढला." मी बोंबलाचं कालवण तसंच ठेवून उठले.

दहा-बारा दिवसांनी चेलारामदादा एकटेच आले. पकवान आणलं नव्हतं. खाटेवर बसून म्हणाले, "मास्टरजी, वो बदलापूरवाले के घर में तो आग लग गयी. लडका मेरे दुकान पे आया था. पूछता था, कोई जवान औरत गिनी बेचने आयी थी क्या." सुनेवर चोरीचा आळ आला होता. खरी गिनी विकून तिनं माहेरी पैसे पोचवले, असं ठकूबाई आळीभर सांगत होत्या. यमुनाला तिच्या भावाबरोबर माहेरी पाठवून दिलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाली, "अहो, काटा पेटीत भरा." बाबा आधीच उठले होते. चपला घालताना मला म्हणाले, "तू पण चल. बोलली तू होतीस."

बेलवलीला तेव्हा भाताची खाचरं होती, मधूनमधून घरं. ठकूबाईंच्या अंगणात बाबांनी काट्याची पेटी मांडली तेव्हा शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी जमल्याच. ठकूबाई नाराजीनंच गिन्या घेऊन आल्या. बाबांनी स्टीलच्या पेल्यात पाणी मागितलं. आधी ती आठवी गिनी साधी तोलली. वजन जवळजवळ बरोबर भरलं, गुंजभराचा फरक. मग शिवणाच्या दोऱ्यानं ती काट्याला बांधून पाण्यात बुडेल अशी सोडली आणि पुन्हा तोलली. मोठ्या आवाजात, कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं ते बाळारामला समजावत होते. "पाण्यात कुठलाही धातू हलका होतो. पितळ आठवा हिस्सा हलकं होतं. ही बघ, सतराव्या हिश्शाच्या आसपास. हिच्या बाकी बहिणींएवढीच. हे सोनं आहे."

"पण ती तर म्हणाली..." बाळारामनं माझ्याकडे बोट केलं.

"ती अर्धंच बोलली," बाबा म्हणाले. "नाणं टांकसाळीतलं नाही. कुणीतरी सोनाराकडून ओतून घेतलंय. पण ते कधीचं, ते बघ." त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि आठही गिन्या ओळीनं मांडल्या. कड्याचे दात जिथे धरायचे तिथे प्रत्येक नाण्याच्या काठावर चार खाचा पडल्या होत्या. आठव्या गिनीच्या खाचाही बाकीच्या सातांइतक्याच खोल होत्या. राणीचा गालही तसाच झिजलेला. "इतकं झिजायला गळ्यात वीस-पंचवीस वर्षं जावी लागतात. तुझं लग्न होऊन किती झाली?"

"चार," बाळाराम म्हणाला. भिंग त्यानं बराच वेळ डोळ्यावरून काढलं नाही. मला वाटतं त्याला कुणाकडे बघायचं नव्हतं.

ठकूबाई आत निघून गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी बाबांना आणि मला आत बोलावलं. चुलीपाशी त्या पाटावर बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं. त्यांचं स्वतःचं लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा उल्हास नदीवर धुणं धुताना एका कड्याचे दात सैल होऊन गिनी पाण्यात पडली. दोन दिवस त्या वाळू चाळत होत्या. त्यांची सासू फार कडक. मग माहेरून मिळालेल्या कुड्या सोनाराला दिल्या, दुसऱ्या गिनीवरून साचा घेऊन त्यानं नवी ओतून दिली. सासू गेली, नवरा गेला, कुणाला कधी कळलं नाही.

"विसरला असाल तुम्ही," बाबा म्हणाले. ते त्यांना वाट काढून देत होते, हे मला तिथेच कळलं.

ठकूबाईंनी ती वाट घेतली नाही. "नाय वो. ही पोर खोटी म्हनली तवाच आठवलं. तिथंच. पन पोराम्होरं सांगायचं कसं? तोंडातनं सुनंचं नाव निघालं. आन् येकदा निघाल्यावर..." त्यांनी पदर तोंडाला लावला.

बाबा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मग म्हणाले, "ठकूबाई, हे मला सांगून काय होणार?"

यमुनाचं माहेर बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराखालच्या पाड्यात होतं. दुपारच्या एसटीनं आम्ही चौघं गेलो.  बाळाराम खिडकीशी, ठकूबाई पुढच्या सीटवर ताठ बसलेल्या. पाड्यात भाताची झोडणी उरकली होती, अंगणाअंगणात पेंढा रचलेला. यमुना सुपानं भात पाखडत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला नाही. तिची आई आणि भाऊ ओटीवर येऊन उभे राहिले.

आधी मी बोलायचं असं बाबांनी बसमधून उतरतानाच सांगितलं होतं. मी म्हणाले, "मी वजन न करता बोलले. गिनी सोन्याचीच आहे. मी अर्धवट बोलले म्हणून तुझ्यावर हे आलं. माझं चुकलं."

यमुनानं सूप खाली ठेवलं. "तुमी नुसतं बोलला नाय," ती म्हणाली. "खोटी म्हनलात आन् माज्याकडं बघितलात. आत्यांच्या आधी तुमी बघितलात."

मला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. वर त्या रविवारची हकिकत लिहिताना ते मी गाळलं, आणि आत्ता इथपर्यंत आल्यावर गाळता येत नाही. गिनी डाव्या वाटीत टाकताना माझी नजर तिच्याकडेच गेली होती. त्या तिघांच्या कपड्यांत तिचं लुगडं सगळ्यात विटलेलं होतं. जी माणसं आमच्या भिंतीवरचे फोटो बघून चहा टाळायची, त्यांची नजर मला लांबून ओळखता यायची, आणि तीच नजर माझ्या डोळ्यांत कधी आली ते मला समजलंही नव्हतं. मी म्हणाले, "हो. बघितलं."  आज इतक्या वर्षांनी, नाणं यंत्राखाली ठेवलं की पडद्यावर आकडे उमटतात अशा काळातही, कुठल्या वस्तूबद्दल मत द्यायची वेळ आली की मी आधी मान खाली घालते आणि बोलून झाल्यावरच वर करते. लोकांना ती माझी सवय वाटते.

मग ठकूबाई पुढे झाल्या. पेंढ्याच्या ढिगापाशी आजूबाजूच्या घरांतली माणसं येऊन थांबली होती. यमुनाच्या भावानं त्यांना जायला सांगितलं, तर ठकूबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आळीत मी ओरडून सांगितलं, हितंबी लोकांम्होरंच सांगते." त्यांनी नदी सांगितली, कुड्या सांगितल्या, सोनार सांगितला. शेवटी म्हणाल्या, "चोरी हिनं केली नाय. लपवाछपवी मी केली." त्यांनी शब्द एकही गाळला नाही. बाळाराम यमुनाच्या जवळ गेला आणि "चल घरी" असं काहीतरी पुटपुटला.

यमुना त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमी मला इचारलंबी नाय," ती म्हणाली. "येकदाबी नाय. दुकानदाराला जाऊन इचारलंत."  ती आत गेली. आम्ही अंगणात उभे. मला वाटलं, आता बाहेर येणारच नाही. पण ती तांब्या घेऊन आली, आधी ठकूबाईंच्या हातावर पाणी घातलं, मग बाबांच्या, मग माझ्या.

"भात टाकलाय," ती म्हणाली. "जेवून जावा समदी. मी आज येत नाय. यायचं तवा माजी माजी येईन."

ठकूबाईंनी मान डोलावली. आम्ही ओटीवर ओळीनं बसून जेवलो. नव्या तांदळाचा चिकट भात, वालाचं कालवण, भाजलेली सुकट. यमुना वाढत होती. बाबांनी दोनदा भात मागून घेतला. परतताना एसटीत ठकूबाई पुन्हा पुढच्या सीटवर बसल्या, या वेळी खिडकीला डोकं टेकवून.

पुढचं चेलारामदादांकडून कळलं, कारण बाळाराम सात गिन्या विकायला त्यांच्याकडे गेला होता. आठवी ठकूबाईंनी विकायला दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी थांब्यावर जाऊन बसायच्या, बारवीकडची एसटी येऊन जाईपर्यंत, आणि मग एकट्याच घरी यायच्या. बाळाराम बरोबर येतो म्हणाला तर त्याला येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी यमुना उतरली.  ठकूबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागल्या.